आजोळाच्या नावावरची जमीन

अमाकने रुमालाची गाठ दातांनी सोडली आणि आतलं सोनं चटईवर ओतलं. दोन बांगड्या, एक तुटकी साखळी आणि धाकट्या मुलाने बातामहून पाठवलेल्या पैशांतून गेल्या महिन्यात घेतलेलं एक वळं. काटा माझा होता. एरवी मी त्यावर कात तोलते. त्या दिवशी मला बोलावणं होतं ते काट्यामुळेच, पाहुणी म्हणून नव्हे. समोर अमाकच्याच घराण्यातली एक म्हातारी बसली होती, भिंतीला टेकून दातुक, म्हणजे घराण्याचे मानकरी, आणि दाराशी दोन साक्षीदार. साक्षीदाराला इथे इंडोनेशियातही ‘साक्सी’च म्हणतात.

हवं होतं वीस ग्रॅम. काट्याने दाखवलं १९.८६.

म्हातारी म्हणाली, राहू दे. दातुक म्हणाले, राहू द्यायचं नाही. आज राहू दिलं तर उद्या हिची नात आणि तुझी नात या गुंजभरावरून भांडतील. अमाक काही बोलली नाही. तिने उजव्या कानातली कुडी काढली, पदराने पुसली आणि काट्यावर ठेवली. २०.३१. वरचं परत घ्यायला ती तयार नव्हती, म्हातारी ठेवून घ्यायला तयार नव्हती. शेवटी कुडी परत कानात गेली आणि साखळीची एक कडी म्हातारीच्या नातीकडून आणवून वजन जमवलं गेलं. म्हणजे घेणेकऱ्यानेच देणेकऱ्याला कडी उसनी दिली! मग सगळ्यांनी नारळाच्या करवंटीतून कॉफीच्या पानांचा काढा प्यायला, आणि १९९८ साली गहाण पडलेलं भाताचं खाचर अमाकच्या घरात परत आलं.

हे गाव पश्चिम सुमात्रात आहे, लिमा पुलुह कोता जिल्ह्यात. नावाचा अर्थ ‘पन्नास कोट’. पायाकुम्बुह शहरातून निघायचं, केलोक सेंबिलानच्या नऊ वळणांवर २०१३ साली झालेला उंच पूल ओलांडायचा, पांकालान मागे टाकलं की मोठा रस्ता सोडून आत शिरायचं. तिथून पुढे कापुर सेंबिलान तालुका. पावसात दरड आली की दोन दोन दिवस गाडी नाही. मला त्याचं काही वाटत नाही, मी परशुराम घाट बघत वाढले.

मी चिपळूण तालुक्यातली. आमच्या सावर्डे भागात खैराच्या लाकडापासून कात काढायचे कारखाने आहेत. रसायनशास्त्र शिकून मी तिथल्याच एका प्रयोगशाळेत लागले. पण पानवाल्याच्या तांब्याच्या भांड्यातला सगळा कात काही खैराचा नसतो. गंबीर नावाचं एक झुडूप आहे, त्याच्या पानांतूनही कात निघतो, आणि इंडोनेशियातून बाहेर जाणाऱ्या गंबीरपैकी बहुतेक माल भारतात येतो. तो मुख्यतः या डोंगरांतला. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. त्यामुळे इथल्या मालाची मागणी आटली असं काही मला दिसलेलं नाही. तर एका व्यापाऱ्याने मला माल तपासायला इथे पाठवलं. कातात वजन वाढवायला माती मिसळतात, कधी रासायनिक खतही. ते पकडायचं हे माझं काम. चौथं वर्ष चालू आहे. आठवड्यातले चार दिवस अमाकच्या घरी, उरलेले शहरात. अमाक म्हणजे आई. गाव तिला याच नावाने हाक मारतं, मीही.

जमिनीचं मला इथे येण्याआधी काही पडलेलं नव्हतं. पडायला हातात काही राहिलंच नव्हतं, पण ते पुढे.

इथले लोक मिनांगकाबाऊ. मुसलमान, चांगले नमाजी. आणि जमीन आईकडून मुलीकडे. दोन्ही एकत्र कसं, हा प्रश्न मला पडला तसा त्यांनाही दीडदोनशे वर्षं पडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मक्केत इमाम झालेले याच मुलखातले अहमद खतीब या वारसापद्धतीवर इतके चिडले होते की तिच्याविरुद्ध त्यांनी लिहून ठेवलं, आणि ते कधी परत आले नाहीत. पद्धत मात्र राहिली. १९५२ साली बुकितिंगीत धर्मपंडित, मानकरी आणि शिकलीसवरलेली मंडळी एकत्र बसली आणि तोडगा निघाला: माणसाने स्वतः कमावलेलं जे असेल ते इस्लामी वारसा कायद्याने वाटायचं, आणि पिढ्यान्‌पिढ्या आलेलं, ज्याला ते ‘हार्ता पुसाका तिंगी’ म्हणतात, ते रिवाजाने. हार्ता हा आपलाच ‘अर्थ’. पुसाकाला मराठीत काय म्हणू? वडिलोपार्जित म्हणावं तर त्या शब्दात वडीलच पाय पसरून बसलेत. आजीपार्जित म्हणते.

या आजीपार्जित जमिनीचा मालक कुणी एक माणूस नसतो. एका आजीपासून निघालेल्या सगळ्या बायकांचं आणि त्यांच्या लेकरांचं मिळून एक घराणं, त्याची ती. वापरायला प्रत्येकीला तुकडा नेमून दिलेला असतो. त्याला शब्दच आहे: ‘मुठीत धरायला दिलेलं’. मूठ तुझी, जमीन घराण्याची. तू गेलीस की तुझ्या मुलीची मूठ. विकता येत नाही. म्हणच आहे की विकली तर कुणी घेणार नाही. गहाण मात्र टाकता येते, तेही जुन्या रिवाजाप्रमाणे चारच कारणांसाठी. घरात प्रेत पडलंय आणि मातीला पैसे नाहीत. मुलगी वयात आलीय आणि लग्न होत नाही. घराण्याचं मोठं घर गळतंय. किंवा मानकऱ्याची गादी रिकामी पडलीय आणि ती भरायला खर्च आहे. चौथ्या कारणाला ते ‘बुडालेला ओंडका वर काढणं’ म्हणतात. आता पाचवं, सहावं, दहावं कारण आलेलं आहे, मुख्यतः शिक्षणाची फी, पण तोंडाने सगळे चारच मोजतात.

अमाकचं कारण पहिलं होतं. १९९८. सुहार्तोंची सत्ता गेली ते वर्ष, रुपियाची पार माती झालेली. तिची आई गेली तेव्हा घरात तांदूळ होता, पैसा नव्हता. समोरच्या म्हातारीने आठ ‘आमेह’ दिले. आमेह म्हणजे सोनं आणि आमेह म्हणजे अडीच ग्रॅमचं मापही. सोनं परत येईपर्यंत खाचर म्हातारी कसणार; आपल्याकडचं ताबेगहाण. कर्ज सोन्यात मोजलं की रुपिया कितीही घसरला तरी देणारी बुडत नाही. घेणारी मात्र बुडते, कारण सोनं तेव्हापासून कुठल्या कुठे गेलं. ज्या वजनात एकेकाळी मयताचा खर्च भागला, ते जमवायला अमाकचे दोन मुलगे, एक जावई आणि पंचवीसएक वर्षं लागली.

मी एकदा शहाणपणा केला. इंडोनेशियात १९६० चा कायदा आहे की शेतजमीन सात वर्षं गहाण राहिली की एक पैही न देता मूळ मालकाला परत करायची. मी तो अमाकला सांगितला. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. म्हणाली, “तिच्या सोन्यावर माझी आई मातीत गेली, आणि मी तिला कायदा दाखवू?”

आता शब्दांचं. इथे येऊन पहिल्या काही महिन्यांत मला माझं घर समजावून सांगता येईना, कारण ‘माहेर’ला शब्द नाही. मुलगी कुठे जातच नाही. लग्न झालं की नवरा संध्याकाळी तिच्या आईच्या घरी येतो. मग मी ‘आजोळ’ सांगायचा प्रयत्न केला, आणि तिथे उलटंच झालं. आईच्या आईचं घर, तिथला मामा, मामाकडे हट्ट, सुट्टीत तिथे जाणं, सगळं सांगून झालं. अमाकची नात म्हणाली, मग गाव म्हणजे आणखी काय असतं? खरंच की. इथे प्रत्येकाचं गाव आजोळच असतं. दुसरं गाव नसतंच. आणि मामाला ते ‘मामाक’ म्हणतात, हे ऐकून मी मोठ्याने हसले होते. भाच्यांना वळण लावणं, त्यांच्या वतीने पंचायतीत बोलणं, जमिनीवर लक्ष ठेवणं हे मामाकचं काम. स्वतःच्या पोरांना मांडीवर घ्यायचं, भाच्यांना बोट धरून चालवायचं, अशी म्हण आहे. ‘वारस’ हा शब्द मात्र दोन्हीकडे तोच, अरबीतून आलेला. फक्त तो ऐकल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर येतो तो बहुधा भाचा, आपल्या डोळ्यांसमोर मुलगा.

माझ्या डोळ्यांसमोर दुय्यम निबंधक कार्यालयातलं एक हिरवं टेबल येतं.

अकरा वर्षं झाली. भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. दादाने कधी तोंडाने मागितलं नाही. मागायची गरजच नसते. वडील गेल्यावर वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर माझं नाव लागलं, आणि लागल्याबरोबर ते कधी निघणार याची सगळ्यांना काळजी लागली. कायदा माझ्या बाजूचा होता. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हिस्सा महाराष्ट्राने १९९४ लाच दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील आधी गेलेले असले तरी हक्क जन्मानेच आहे असंही सांगितलं. पण हक्कसोड पत्राचा मसुदा कायद्याहून जुना आणि पक्का असतो. ‘माझ्या लग्नात मला माझ्या हिश्श्यापोटी दागदागिने मिळालेले असून आता माझा काही एक हक्क राहिलेला नाही.’ माझ्या लग्नात मला मिळालेले दागिने दीड तोळ्याचे होते. म्हणजे सातेक आमेह. त्यावर मी दोन एकर भातशेती, चार एकर वरकस, म्हणजे भात न पिकणारी उताराची जमीन, आणि तीस काजू सोडले. कारकुनाने विचारलं, “ताई, राजीखुशीने ना?” मी हो म्हटलं. खोटं नव्हतं. अंगठा, फोटो. बाहेर येऊन मिसळ खाल्ली, घरी वहिनींनी साडी दिली. पुढे लग्न टिकलं नाही आणि मी परत आले, तेव्हा दादा-वहिनींनी मला काही कमी केलं नाही, माडीवरची खोली दिली. पण कपाटाची किल्ली मागताना मी विचारून मागायचे.

आता घरच्या वादाकडे येते, कारण हे लिहायला बसले ते त्यामुळेच.

कोकणात सध्या ज्याच्या त्याच्या फोनवर एकच संदेश फिरतो: जमिनी विकू नका. महामार्ग रुंद झाला, पुण्या-मुंबईचे लोक बंगल्यांसाठी डोंगरच्या डोंगर घेताहेत, प्रकल्प येणार म्हणून दलाल फिरताहेत, उद्या आपणच आपल्या गावात पाहुणे होऊ. यातलं काही खोटं नाही. आमच्या भावकीचा ग्रुप आहे, त्यावर रोज असं काहीतरी येतं. मी त्या ग्रुपवर नाही. भावकीच्या ग्रुपवर बहिणी नसतात. मला वहिनी पुढे पाठवतात.

विकू नका म्हणणारे बहुतेक डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याचे. त्यांच्या तळमळीवर मी हसत नाही. तीन पिढ्या चाकरमानी झाल्याशिवाय आमची चूल पेटली नसती. पण एक गोष्ट मला इथे बसल्यावर दिसली, जी तिथे दिसली नव्हती. मिनांगकाबाऊ हेही चाकरमानीच आहेत. पोरगा वयात आला की त्याने मुलूख सोडायचा. ‘घरी तुझा अजून काही उपयोग नाही’ असं सरळ सांगणारं त्यांचं जुनं कवन आहे. जाकार्तापासून क्वालालंपूरपर्यंत काचेत थाळ्या रचून ठेवलेली पादांग खानावळ दिसली की समजावं, यांच्यातलाच कुणी. गणपतीला आमच्या गाड्या जशा भरून येतात तशा यांच्या ईदला येतात. बाहेर जाण्यात, पैसे पाठवण्यात, गावाच्या आठवणीने गळा काढण्यात दोघांत डावं-उजवं नाही. फरक एवढाच की इथे जमीन तिच्या नावावर असते जी मागे राहते. आमच्याकडे ती त्याच्या नावावर असते जो निघून जातो.

आमचा सातबारा सामायिक आहे, एकवीस नावांचा. हिस्से अजून आणेवारीत. एकाचे दोन आणे आठ पै, एकाचा आणा. त्यातले चौदाजण गावात राहत नाहीत, तीनजण हयात नाहीत. गावात राहून खाचर लावतात त्या तीन बायका, आणि त्यांच्यापैकी एकीचंही नाव त्या कागदावर नाही. विकायची गोष्ट निघते तेव्हा ती डोंबिवलीत निघते. न विकायची निघते तीही डोंबिवलीतच. जिच्या पायाला रोज त्या खाचराची माती लागते तिला विचारायला कागदाला तोंडच नाही. मग ‘विकू नका’ म्हणजे कुणी विकू नका? वहिनींनी? त्यांना विकता येतच नाही.

वाचणाऱ्याला वाटेल, बाई परदेशात गेली आणि तिथल्या रिवाजाच्या प्रेमात पडली. चार वर्षांत प्रेम ओसरायला पुरेशी कारणं मिळाली.

मुलगी नसेल तर? शेजारच्या घरात तीन मुलगे आहेत, गुणी, कमावते. पण त्यांच्या आईची ओळ संपणार. त्याला इथे जो शब्द आहे तो आपल्या ‘निर्वंश’इतकाच कठोर. तीन मुलांची आई निर्वंश! खाचरं उद्या तिच्या मावसबहिणीच्या मुलींकडे जातील, आणि त्या म्हातारीच्या चेहऱ्यावर मी तेच बघते जे आमच्या वाडीत चार मुलींच्या आईच्या चेहऱ्यावर बघितलं होतं.

नवऱ्याचं बघा. जावयाला इथे ‘तोडलेल्या झाडाच्या खुंटावरची राख’ म्हणतात, फुंकर आली की उडाली. अमाकचा नवरा चाळीस वर्षं या घरात राहिला. त्याने लावलेला रबर, त्याने बांधलेली न्हाणी, आणि शेवटच्या आजारात मात्र त्याच्या बहिणी येऊन त्याला घेऊन गेल्या. उलट अमाकचा स्वतःचा थोरला भाऊ, आयुष्यभर पेकानबारूत दुकान चालवून, बायको वारल्यावर बहिणीकडे परतलाय. ओसरीच्या खोलीत झोपतो, चहा हवा असला की खोकतो, मागत नाही. त्याचं खोकणं ऐकलं की मला माझी माडीवरची खोली आठवते.

आणि बोलायचं कुणी? जमीन बाईची, पण पंचायतीत उठून बोलतो तो मामाक. पक्के कागद करायची सरकारी मोहीम गेली काही वर्षं जोरात आहे. प्रमाणपत्रासाठी घराण्याची वंशावळ लागते, मानकऱ्यांच्या सह्या लागतात. सह्या मामाकच्या हातात असल्या की काय काय होतं ते सांगायला नको. पलीकडच्या एका घराण्यात मामाने आठ वर्षांपूर्वी एक तुकडा गुपचूप स्वतःच्या नावावर चढवला आणि गहाण टाकला. भाच्या अजून भांडताहेत. कागद आला की तो आधी त्याच्याकडे जातो ज्याला कचेरीत बसायची सवय आहे, आणि ही सवय दोन्ही मुलखांत पुरुषांना आहे. बँकेचंही तेच. घराण्याच्या जमिनीवर बँक कर्ज देत नाही, म्हणून तर रुमालातलं सोनं अजून चालतं.

पण खरी गोम मला डोंगरावर समजली. खाचरं खाली, नदीकाठी, ती आजीपार्जित. गंबीर वर, उतारावर. हे उतार गेल्या दोन-तीन पिढ्यांत तोडून लागवडीला आणलेले, म्हणजे स्वकष्टाचे. त्यांना रिवाजाचं कुंपण नाही. ते मुलगे-मुली वाटून घेतात, विकतात, शहरातला व्यापारी घेतो, भाव पडला की तेलमाडवाला घेतो. त्याच माणसांचं, त्याच गावातलं, एका हाकेच्या अंतरावर, आणि तिथे कोकणासारखीच विक्री. या माणसांचा जमिनीवर आमच्यापेक्षा जास्त जीव आहे असं मुळीच नाही. खाली एकट्याला विकता येत नाही म्हणून टिकली, वर येतं म्हणून गेली.

वर काम कोण करतं तेही सांगते. फळ्यांचं खोपट, त्यात विटांच्या भट्टीवर मोठी कढई. पानं-डहाळ्या तासभर उकळायच्या, दोराने आवळून गठ्ठा करायचा आणि ट्रकच्या जॅकखाली दाबायचा. रस निघतो तो गढूळ चहासारखा. रात्रभर निवू द्यायचा, खाली बसलेला गाळ फडक्यात बांधून वर दगड ठेवायचा, मग बोटभर साच्यांतून वड्या पाडून वाळवायच्या. दोन-तीन पुरुष आठवडाभर त्या धुरात राहतात आणि शुक्रवारच्या नमाजाला खाली उतरतात. नखं कायमची तपकिरी. निम्मा माल मालकाचा, निम्म्यात ते. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची स्वतःची वीतभर जमीन नाही. त्यांच्या वड्या मी फोडते, पाण्यात विरघळवते, तळाशी माती बसली की भाव कमी लिहिते. माती कोणी घातली हे मला माहीत असतं असं नाही.

मला हटकून आपले कातकरी आठवतात. नावातच कात. खैर तोडून, उकळून ते कात काढायचे. जंगल गेलं, धंदा गेला, नाव राहिलं, आणि आज रायगडात कित्येक कातकरीवाड्यांच्या झोपड्यांखालची जमीनसुद्धा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे. ‘कोकणी माणसा जागा हो’ यातला कोकणी माणूस मोजताना आम्ही त्यांना कधी मोजलं नाही. १९४९ च्या कायद्याने खोती गेली तेव्हा ज्यांची नावं लागली त्यांच्यात आम्ही होतो, ते नव्हते. हे मी दादाच्या हयातीत बोलले असते तर तो चिडला असता. आणि मग दुसऱ्या दिवशी, नेहमीसारखा, शांतपणे ‘तुझं बरोबर आहे’ म्हणाला असता.

दादा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला. मला येता आलं नाही.

त्यानंतर वहिनी आणि भाची गावातच राहिल्या. वहिनी खाचर लावतात, काजू वेचतात, दोन म्हशी आहेत. वारस नोंद राहून गेली. तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण त्या तीन महिन्यांत कुणाला काय सुचत होतं! मग तलाठी बदलले, मग भावकीतले म्हणाले आम्ही बघतो. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं म्हणे.

ज्या दिवशी अमाकचं खाचर सुटलं त्याच रात्री वहिनींचा फोन आला. विरारचे चुलतभाऊ येऊन गेले होते. रोज सकाळी ग्रुपवर ‘विकू नका’ टाकतात तेच. सड्यावरच्या सगळ्या सामायिक वरकसला पुण्याचं गिऱ्हाईक आहे, भाव बरा आहे, आणि बाहेरच्याला दिली तरी घराजवळची ठेवतोच आहोत ना. वहिनींसाठी ते कुलमुखत्यारपत्र टाइप करून घेऊनच आले होते. “ते म्हणतात नुसती सही, बाकी धावपळ आम्ही करू. तुमचे दादा असते तर त्यांनी केलीच असती म्हणतात.”

मी विचारलं, वारस नोंद झाली का? नाही. म्हणजे ज्या हिश्श्याचं मुखत्यारपत्र मागताहेत त्या हिश्श्यावर तुमचं नावच अजून नाही? “ते म्हणतात, ते एकदमच करू.”

अमाक शेजारी बसून ऐकत होती. मराठी तिला कळत नाही, पण ‘वारस’ कळला. तिने विचारलं, कुणाची जमीन? मी म्हटलं, माझ्या भावाच्या बायकोची. तिने मान हलवली. भावाची बायको आमच्या जमिनीवर काय करतेय हे तिच्या हिशेबात कुठेच बसेना. मग तिने विचारलं, “आणि तुझी?” माझी पण तिच्याचकडे आहे, मी म्हटलं. अकरा वर्षांपूर्वी मी भावाला सोडलेला हिस्सा, त्याच्यामागे आता वहिनींचा आणि भाचीचा. हे अमाकला मात्र लगेच पटलं. एका घरातल्या दोन बायकांत जमीन फिरली, त्यात तिला काही विशेष वाटलं नाही.

वहिनींना मी सांगितलं: काहीही सही करू नका. दादाचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, तुम्हा दोघींची आधार कार्डं घेऊन सोमवारी स्वतः जा. भाचीला बरोबर घ्या, ती बारावीला आहे, तिला अर्ज वाचता येतो. फेरफाराची पोच हातात मिळाल्याशिवाय उठू नका. नाव लागल्यावर पोटहिस्सा वेगळा मागायचा. मग विकायचं की नाही ते तुम्ही ठरवा. विकलंत तरी मी काही म्हणणार नाही.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “सोमवारी म्हैस दाखवायला डॉक्टर यायचाय. मंगळवारी जाते.”